संपाला परवानगी मागणारी युनियन

अमेरिकेतल्या मोठ्या विमानतळांवर टर्मिनलबाहेर अधूनमधून एक चमत्कारिक रांग दिसते. पूर्ण गणवेशातले पायलट: कोट, टाय, टोपी, बाहीवर सोनेरी पट्ट्या. हातात एकसारखे छापलेले फलक. एकामागोमाग, सारखं अंतर ठेवून सगळे एक लांबट फेरी मारत असतात. घोषणा नाही, भाषण नाही, कुणी आवाजही चढवत नाही. बॅग ओढत निघालेला प्रवासी घाबरून विचारतो, संप आहे का? माझं विमान सुटणार ना? सुटणार. फेरीतला प्रत्येक जण त्या दिवशी सुट्टीवर असतो आणि ड्युटीवरचे पायलट आत नेहमीसारखी विमानं उडवत असतात.

संप म्हटल्यावर मराठी माणसाला १९८२ आठवतं. गिरणीच्या गेटवरची सभा, दत्ता सामंत, अडीच लाखांच्या आसपास कामगार आणि रीतसर कधी मागेच न घेतला गेलेला संप. त्यापुढे ही मूक फेरी शाळेच्या प्रभातफेरीसारखी वाटते. (तिथे निदान घोषणा तरी असतात.) पण हे लोक मनात आणलं तर एका दिवसात अख्खी कंपनी जमिनीवर बसवू शकतात. तरीही ते फुटपाथवर गुपचूप चालतात, कारण त्यांना संपावर जायला सरकारची परवानगी लागते. ती मिळेपर्यंत वर्षं जातात. पगाराचे आकडे बातम्यांत येतात, पण या भांडणात खरा डाव खेळला जातो तो वेळेचा.

त्याचं मूळ १९२६ च्या रेल्वे लेबर ॲक्टमध्ये आहे. तेव्हा अमेरिकेत माल आणि माणसं रेल्वेनेच हलायची, आणि रेल्वेचा संप म्हणजे देश ठप्प. कायदा करणाऱ्यांचा हेतू उघड होता: भांडायचं तर भांडा, पण गाडी थांबता कामा नये. १९३६ साली विमान कंपन्याही याच कायद्याखाली आणल्या गेल्या. त्याआधी पाच वर्षं, १९३१ मध्ये, डेव्ह बेन्के नावाच्या पायलटने 'एअर लाइन पायलट्स असोसिएशन' उभी केली होती. सगळे तिला 'अल्पा' म्हणतात. डेल्टा आणि युनायटेडचे पायलट आज अल्पात आहेत. अमेरिकन एअरलाइन्स आणि साउथवेस्टच्या पायलटांनी आपापल्या स्वतंत्र युनियन ठेवल्या आहेत.

या कायद्यातली सगळ्यात मजेशीर गोष्ट म्हणजे त्याखालचा करार कधी संपतच नाही. आपल्याकडे लीव्ह-लायसन्सचा करार अकरा महिन्यांनी संपतो म्हणजे संपतो. मालक दारात उभा राहतो. पायलटांचा करार ठरलेल्या तारखेला नुसता 'दुरुस्तीला मोकळा' होतो. म्हणजे आता बोलणी सुरू करता येतील, एवढंच. नवा करार होईपर्यंत जुन्यातलं प्रत्येक कलम दोन्ही बाजूंना बांधून ठेवतं. कंपनी पगार कापू शकत नाही, पायलट काम थांबवू शकत नाहीत. कागदावर हे अगदी समसमान दिसतं. पण महागाई वाढत असते, कंपनीचा नफाही चांगल्या वर्षांत वाढत असतो, आणि पगाराचा तक्ता मात्र जुनाच चालू राहतो. बोलणी एक वर्ष लांबली की कंपनीचं एक वर्ष स्वस्तात निघतं. कंपनी संकटात असली तर उलटं होतं: पायलट जुना चांगला करार धरून बसतात आणि घाई मॅनेजमेंटला होते. ज्याला वाट बघणं परवडतं, तो जिंकत जातो.

मग पटत नसेल तर नोकरी सोडावी की! दर दोन वर्षांनी कंपनी बदलणाऱ्या हिंजवडीतल्या पोराला हे पहिल्यांदा सुचेल. पायलटाला ते जमत नाही, आणि ते का जमत नाही हे कळल्याशिवाय बाकीचं काही कळणार नाही.

विमान कंपनीत पायलट रुजू झाला की त्याला सीनियॉरिटी लिस्टमध्ये एक नंबर मिळतो. रुजू झाल्याच्या तारखेवरून. समजा पंधरा हजारांच्या यादीत एकीचा नंबर आज चार हजार आहे. कुठलं विमान उडवायचं, कुठल्या शहरातून ड्युटी सुरू करायची, को-पायलटची कॅप्टन कधी व्हायचं, महिन्यातल्या कुठल्या दिवशी घरी राहायचं, नाताळात सुट्टी मिळणार की नाही, हे सगळं त्या नंबरावर ठरतं. दर महिन्याला सगळे आपापली पसंती नोंदवतात. वरच्या नंबरवाल्यांचं वाढून झालं की उरलेलं खालच्यांना. अगदी तळाशी असतात ते स्टँडबायवर: फोन जवळ ठेवायचा, वाजला की निघायचं. हुशारी, वशिला, साहेबाशी गोडीगुलाबी, कशाचाही उपयोग नाही. आता या बाईंनी चिडून दुसऱ्या कंपनीत उडी मारली तर तिथल्या यादीत त्या सगळ्यात शेवटच्या. पुन्हा को-पायलट, पुन्हा पहिल्या वर्षाचा पगार, पुन्हा फोन उशाशी. वीस वर्षांची कॅप्टनगिरी चपलेसारखी दारात काढून ठेवावी लागते.

म्हणून अमेरिकन पायलट एकदा कंपनीत शिरला की बहुधा निवृत्तीपर्यंत तिथेच राहतो. आयुष्य सुधारायचं तर कंपनी बदलून नाही, करार बदलूनच. हे मॅनेजमेंटलाही ठाऊक असतं.

नंबर इतका जिवाचा असला की दोन कंपन्यांचं विलीनीकरण म्हणजे दोन याद्यांची एक यादी, आणि त्यातून जे होतं ते भाऊबंदकीच्या जमिनीच्या वाटणीसारखंच. २००५ मध्ये यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट एकत्र आल्या. यूएस एअरवेजचे पायलट जुने, पण कंपनी खंगलेली. त्यांच्यातले बरेच जण तेव्हा कामावरून घरी बसवलेले. अमेरिका वेस्टचे पायलट तरुण, पण कामावर असलेले. जॉर्ज निकोलाऊ नावाच्या लवादाने २००७ मध्ये एकत्र यादी लावून दिली. पंधरा-सतरा वर्षं नोकरी झालेल्या, पण घरी बसवलेल्या लोकांना आपण कालपरवा आलेल्या पोरांच्या शेजारी असल्याचं दिसलं. संख्येने जास्त असलेल्या जुन्यांनी २००८ मध्ये अल्पालाच मतदानाने हाकलून दिलं आणि स्वतःची नवी युनियन काढली. कंपनी एक, गणवेश एक, आणि कित्येक वर्षं पायलट विरुद्ध पायलट कोर्टात.

मुंबईकरांनी याची घरची आवृत्ती पाहिलेली आहे. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एकत्र झाल्या, युनियन मात्र दोन राहिल्या. नव्या बोइंग ७८७ ड्रीमलायनरचं प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सच्या बाजूच्या पायलटांनाही मिळणार म्हटल्यावर एअर इंडियाच्या जुन्या पायलटांची संघटना, इंडियन पायलट्स गिल्ड, उसळली. आमची बढती मागे पडेल, ही भीती. मे २०१२ मध्ये पायलट एकापाठोपाठ एक 'आजारी' पडले. दिल्ली उच्च न्यायालयाने मनाई केली, मॅनेजमेंटने शंभरावर पायलटांना नोकरीतून काढलं, गिल्डची मान्यता रद्द झाली, पुढे काही जण उपोषणालाही बसले. ५८ दिवसांनी, ३ जुलैला संप मिटला. त्या ५८ दिवसांत पगाराचा विषय जवळपास बाजूलाच होता.

आता पगार. पायलटाला तासावर पैसे मिळतात हे खरं, पण कुठला तास? घड्याळ सुरू होतं विमान पार्किंगमधून हललं की, आणि थांबतं ते मुक्कामी पोचून ब्रेक लागले की. पायलट लोक याला 'ब्लॉक' म्हणतात. त्याआधी हवामान बघणं, इंधनाचा हिशेब, विमानाभोवती फेरी मारून तपासणी, दोन फ्लाइटच्या मध्ये परक्या विमानतळावर बाकावर काढलेले तीन तास, हे ब्लॉकमध्ये धरत नाहीत. शिवाय अमेरिकेच्या नियमांनुसार पायलटाला वर्षात हजार तासांच्या वर उडताच येत नाही. ताशी दर ऐकून डोळे विस्फारतात त्यांनी हे लक्षात ठेवावं. अर्थात पायलटांना गरीब बिचारे म्हणणंही हास्यास्पदच. मोठ्या विमानांचे सीनियर कॅप्टन अमेरिकेत वर्षाला चार लाख डॉलरच्या पुढे कमावतात.

म्हणून करारातली खरी ओढाताण ताशी दराइतकीच 'खात्रीच्या तासां'वर होते. विमान उडो न उडो, महिन्याला इतक्या तासांचे पैसे मिळणारच. दिवसभर अडकवून ठेवलंत तर निदान इतके तास धरायचेच. घरापासून लांब ठेवलंत तर त्याचाही हिशेब. कंपनीने ढिसाळ वेळापत्रक लावलं तर त्याचा भुर्दंड कंपनीलाच बसावा, असा त्यामागचा विचार. आपल्याकडे २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये विस्ताराची विमानं धडाधड रद्द झाली ती याच मुद्द्यावरून. एअर इंडियात विलीन होण्याआधी नवी पगाररचना आली आणि ७० तासांची खात्री ४० वर आली. जास्त उडालात तर जास्त पैसे, असं मॅनेजमेंटचं म्हणणं. पण घराचा हप्ता खात्रीच्या पैशांवर बेतलेला असतो. पायलटांनी 'आजारी' रजा टाकल्या आणि कंपनीला रोजची २५-३० उड्डाणं कमी करावी लागली.

परत अमेरिकेत येऊ. बोलणी अडली की कुणीही एक बाजू नॅशनल मीडिएशन बोर्डाकडे जाते. राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले तीन सदस्य आणि त्यांचे मध्यस्थ. आता बैठक कधी, कुठे, किती दिवसांची, हे मध्यस्थ ठरवतो. हवं तर तो दोन महिने कुणाला बोलावणारही नाही. किती काळ मध्यस्थी करायची याला कायद्यात मुदतच नाही! बोर्डाला जेव्हा वाटेल की आता काही निघत नाही, तेव्हा ते लवादाचा प्रस्ताव ठेवतं. एका बाजूने तो नाकारला की दोघांना 'मोकळं' केलं जातं. मग तीस दिवसांची थंडावण्याची मुदत. ती संपली की युनियन संप करू शकते आणि कंपनी टाळं लावू शकते. खरी तडजोड बहुतेक वेळा या तीस दिवसांच्या शेवटच्या रात्री होते, कारण तोवर घाई कुणालाच नसते.

त्यामुळे "९९ टक्के पायलटांचा संपाला कौल" अशी बातमी वाचलीत तर तिकीट रद्द करायला धावू नका. ३१ ऑक्टोबर २०२२ ला डेल्टाच्या पायलटांनी असाच कौल दिला. तो कौल म्हणजे नेत्यांच्या खिशात ठेवलेली सही. वेळ आली तर वापरा म्हणून. वेळ आलीच नाही. आणि संपाची मोकळीक मागून मिळतेच असंही नाही: अमेरिकन एअरलाइन्सच्या केबिन क्रूने २०२३ मध्ये ९९ टक्क्यांचा कौल खिशात घालून बोर्डाकडे मोकळीक मागितली, बोर्डाने नाही म्हटलं. त्यांचा नवा करार व्हायला २०२४ चा सप्टेंबर उजाडला.

सगळे टप्पे पार पडले तरी एक दार उरतं. संपामुळे देशाच्या एखाद्या भागाचं दळणवळण कोलमडेल असं वाटलं तर राष्ट्राध्यक्ष आणीबाणीची समिती नेमून दोन महिने सगळं गोठवू शकतात. १९९७ च्या १५ फेब्रुवारीला हे घडलं. अमेरिकन एअरलाइन्सचे पायलट मध्यरात्री बाराच्या ठोक्याला संपावर गेले. काही मिनिटांतच बिल क्लिंटन यांनी समिती नेमली आणि संप संपला. भांडण होतं छोटी जेट विमानं कुणी उडवायची यावर. मॅनेजमेंटला ती आपल्याच स्वस्त प्रादेशिक कंपनीच्या पायलटांकडून उडवायची होती. आपलं काम बाहेर जाऊ नये हे कलम पायलटांच्या करारात पगाराच्या तक्त्याइतकंच मोलाचं असतं, फक्त त्याची बातमी होत नाही.

खरे संप मोजकेच. २००१ मध्ये सिनसिनाटीच्या कॉमएअरचे पायलट ८९ दिवस बाहेर राहिले. जून २०१० मध्ये स्पिरिटचे पायलट तीन वर्षांहून जास्त चाललेल्या बोलण्यांनंतर संपावर गेले. विमानं ओळीने उभी राहिली, एकही उडालं नाही, आणि पाचव्या दिवशी तडजोड झाली. रोजच्या रोख गल्ल्यावर चालणाऱ्या कंपनीला पाच दिवस पुष्कळ झाले.

पण परवानगी मिळत नसेल आणि राग तर आहे, तेव्हा माणूस काय करतो? तब्येत बिघडते. जादा ड्युटी नको म्हणतो. नियमावलीचं प्रत्येक पान नको तितक्या भक्तिभावाने पाळतो. रनवेकडे विमान इतकं सावकाश नेतो की मागच्यांना वाटावं, वरातच चालली आहे. यातलं एकटं-दुकटं काही चुकीचं नसतं. सगळ्यांनी ठरवून केलं तर कोर्ट त्याला बेकायदा संप म्हणतं. फेब्रुवारी १९९९ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने रेनो एअर विकत घेतल्यावर पायलट शेकड्यांनी आजारी पडले आणि सहा हजारांवर उड्डाणं रद्द झाली. डॅलसच्या न्यायाधीशांनी कामावर परतायला सांगितलं, तरी आजार ओसरेना. शेवटी युनियनला साडेचार कोटी डॉलरच्या वर भरपाई भरायचा हुकूम झाला. तेव्हापासून अमेरिकेत युनियनचे नेते सदस्यांना लेखी कळवतात: बाबांनो, आजारी असाल तरच रजा टाका.

तोच प्रकार मुंबईत सप्टेंबर २००९ मध्ये झाला. जेट एअरवेजच्या पायलटांनी 'नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड' नावाची युनियन नोंदवली, कंपनीने दोन पायलटांना काढलं, आणि शेकडो पायलट एकाच वेळी आजारी. पाच दिवस विमानतळावर गोंधळ, मुंबई उच्च न्यायालयात धाव, मग मध्यरात्रीची तडजोड. आपल्या कायद्याचा घाट मात्र वेगळा. पायलट 'कामगार' आहे की नाही, इथपासूनच आपल्याकडे कोर्टात वाद झाले. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत तर निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजाही संपच धरली आहे, आणि संपाआधी १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते. आजाराचं हत्यार कायदा करणाऱ्यांनीही ओळखलं म्हणायचं.

मॅनेजमेंटची बाजू अगदीच खोटी नाही. तिकिटांचा धंदा एका युद्धाने, एका साथीने, तेलाच्या एका उसळीने कोसळतो. करारातला पगार मात्र ठरलेला. ११ सप्टेंबर २००१ नंतर युनायटेडने २००२ मध्ये दिवाळखोरीचा आसरा घेतला. डेल्टा आणि नॉर्थवेस्ट तर २००५ मध्ये एकाच दिवशी कोर्टात गेल्या. अमेरिकेत दिवाळखोरी म्हणजे दुकान बंद नव्हे. कंपनी चालू राहते, आणि न्यायाधीशांच्या संमतीने युनियनचा करार मोडता येतो. एरवी न संपणारा करार संपवायची हीच एक पळवाट. तिच्या नुसत्या धाकानेही काम होतं: डेल्टाच्या पायलटांनी २००४ मध्ये साडेबत्तीस टक्के पगार सोडला, दोन वर्षांनी आणखी १४ टक्के, आणि जुनी पेन्शनही गेली. त्या पिढीचे को-पायलट आज कॅप्टन आहेत आणि वाटाघाटीच्या टेबलावर तेच बसतात. कंपनीने "जरा सबुरीने घ्या" म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी का पडते, ते यातून कळतं.

कोविडनंतर वेळेने बाजू बदलली. २०२० मध्ये खर्च वाचवायला कंपन्यांनी हजारो पायलटांना पैसे देऊन लवकर निवृत्त केलं, आणि २०२२ च्या उन्हाळ्यात प्रवासी परतले तेव्हा उडवायला माणसं कमी. नवा पायलट रातोरात तयार होत नाही. २०१३ पासून अमेरिकेत विमान कंपनीत को-पायलट व्हायलाही साधारणपणे १,५०० तासांचा अनुभव लागतो. आता वाट बघणं मॅनेजमेंटला महाग पडू लागलं.

युनायटेडच्या पायलटांना हा वारा आधी कळला. त्यांच्या युनियनच्या नेत्यांनी २०२२ मध्ये कंपनीशी एक करार ठरवून आणला, साडेचौदा टक्के वाढीचा. करार शेवटी सदस्यांच्या मतदानाने पास व्हावा लागतो. ९४ टक्के पायलटांनी तो नापास केला. स्वतःच्या नेत्यांना इतकी सणसणीत चपराक क्वचितच बसते. मार्च २०२३ मध्ये डेल्टाने चार वर्षांत ३४ टक्के वाढ दिली, आणि वर एक खोचक कलम: युनायटेड किंवा अमेरिकनने यापेक्षा जास्त दिलं तर आमचे दर त्यांच्यापेक्षा एक टक्का वर राहतील. पुढे शर्यतच लागली. अमेरिकन एअरलाइन्सचा करार मतदानाच्या तोंडावर असताना युनायटेडने सरस आकडा जाहीर केला, तेव्हा अमेरिकनला शंभर कोटी डॉलरहून जास्त वाढवून द्यावे लागले. युनायटेडचा करार सप्टेंबरात पास झाला, ४० टक्क्यांपर्यंत वाढीचा. जानेवारी २०२४ मध्ये साउथवेस्टच्या पायलटांनी जवळपास ५० टक्के वाढ पदरात पाडून घेतली. यातल्या एकाही कंपनीत एका दिवसाचाही संप झाला नाही.

डेल्टाचा तो करार दुरुस्तीला मोकळा व्हायची तारीख ३१ डिसेंबर २०२६. तोवर नवा ठरला नाही तर १ जानेवारीच्या पहाटे अटलांटाहून विमानं नेहमीच्याच वेळी सुटतील, जुन्याच दराने, आणि सुट्टीवर असलेले काही पायलट टोपी घालून फुटपाथवर उतरतील.